अल ऐनला जायचं तर पाण्याच्या मागोमाग जा

आबांना पहिल्यांदा अल ऐनला नेलं तेव्हा त्यांचं किल्ल्याकडे लक्षच लागेना. खजुराच्या बागेत एका हातभर रुंद पाटाशी ते उकिडवे बसले, पाण्यात बोटं बुडवली आणि समोर फावड्याने आळं करणाऱ्या कामगाराला आपल्या मराठवाडी हिंदीत विचारलं, "आज पाळी किसकी है?" तो माणूस पेशावरकडचा. त्याला प्रश्न लगेच कळला. त्याने फावड्यानेच पलीकडची बाग दाखवली आणि दुपारनंतर पाणी तिकडे जाणार असल्याचं सांगितलं. पुढचा अर्धा तास दोघं दारं कशी धरायची यावर बोलत होते आणि मी नुसता ऐकत होतो.

तोवर मी पाहुण्यांना अल ऐन दाखवायचो ते असं: आधी डोंगर, मग किल्ला, मग उंट आणि वेळ उरला तर बाग. त्या दिवशी क्रम बदलला. हे गाव पाण्यामुळे वसलं, पाण्यासाठी इथे किल्ले उभे राहिले, आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपले मेले गेलेले इथे ठेवले तेही पाणी जवळ होतं म्हणून. तेव्हा पाण्याच्या मागोमाग गेलात तर बाकी सगळं आपोआप उलगडतं. खालचा सगळा बेत त्याच क्रमाने दिला आहे.

गाव कुठे आहे, किती दिवस द्यायचे

अल ऐन संयुक्त अरब अमिरातीत, अबू धाबी अमिरातीच्या पूर्व टोकाला, ओमानच्या सीमेला खेटून आहे. 'ऐन' म्हणजे झरा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ डोळा. दुबईहून साधारण १४० किलोमीटर, अबू धाबी शहरातून १६० च्या आसपास. दोन्हीकडून दीड ते पावणेदोन तास. समुद्र इथे नाही, त्यामुळे दुबईचा तो चिकट दमटपणाही नाही. उंच इमारती नाहीत, रस्त्यांच्या कडेला झाडं आहेत, आणि चौकाचौकात कारंजी.

२०११ साली युनेस्कोने अल ऐनच्या सांस्कृतिक स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमिरातीतलं हे पहिलं वारसास्थळ. त्यात एकच जागा नाही, तब्बल १७ जागा आहेत: हफीत डोंगराच्या पायथ्याची थडगी, हिलीचे अवशेष, उत्तरेला बिदा बिंत सौद, आणि अल ऐन, हिली, कत्तारा, जिमी, मुतारिद, मुवैजी ही सहा मरूद्यानं, म्हणजे वाळवंटातल्या पाण्यावर वाढलेल्या बागा. सहली नेणाऱ्या कंपन्या हे सगळं एका दिवसात 'उरकतात'. तसं करू नका. दोन दिवस आणि मधली एक रात्र, एवढा वेळ काढाच. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर एकेका दिवसात तीनपेक्षा जास्त ठिकाणं घेऊ नका.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत दिवस कोवळ्या उन्हाचे असतात, रात्री स्वेटर लागतो. मे ते सप्टेंबर पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा दुपारी बागेतही चालवत नाही.

एक अपवाद मी मनापासून सांगेन. ज्यांना खजूर झाडावर लगडलेला बघायचाच आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे यावं, सूर्य उगवताच बागेत शिरावं आणि नऊच्या आत बाहेर पडावं. पिवळे-लाल घोस अगदी हाताशी लोंबत असतात. हिवाळ्यात आलात तर ते दिसणार नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर मात्र परागीकरण बघायला मिळेल. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वाऱ्याच्या भरवशावर न राहता माणूस झाडावर चढतो आणि नर फुलोऱ्याच्या काड्या मादी फुलोऱ्यात खोचून बांधतो. चढताना कमरेभोवती आणि खोडाभोवती जो दोर घेतात त्याला इथे हबूल म्हणतात. आपल्याकडे शिंदी-ताडावर चढणाऱ्यांना बघितलेल्या माणसाला ही चढण ओळखीची वाटेल.

रमजानमध्ये गेलात तर वेळा बदललेल्या असतात. दिवसा उघड्यावर खाणं-पिणं टाळा.

पोचायचं कसं

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाचं काम आधीच करून घ्यावं. त्यानंतरचा सोपा मार्ग म्हणजे दुबई किंवा अबू धाबीहून भाड्याची गाडी. पर्यटक व्हिसावर असाल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढा, इथे येऊन मिळत नाही. दुबईहून ई-६६, अबू धाबीहून ई-२२. दोन्ही रस्ते सरळ, रुंद आणि कंटाळवाणे आहेत, म्हणून झोप येते. चालकाशी कुणीतरी बोलत राहा.

वेगाबद्दल नीट ऐका. दुबईच्या हद्दीत पाटीवरच्या मर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटरपर्यंत वर गेलं तरी कॅमेरा दंड करत नाही. अबू धाबीच्या हद्दीत ही सवलत नाही. ई-६६ वर हद्द मध्येच कुठेतरी बदलते, गाडी त्याच लयीत चाललेली असते आणि दंड नंतर भाड्याच्या बिलात येतो. पाटीवर जो आकडा आहे तोच पाळा.

दुसरी गोष्ट धुक्याची. हिवाळ्यात पहाटे या रस्त्यांवर असं दाट धुकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत नाहीत. सूर्योदय डोंगरावरून बघायच्या हौसेने पहाटे चारला निघू नका. सात-साडेसातला निघा, किंवा आदल्या रात्रीच अल ऐनला मुक्कामाला या.

गाडी नको असेल तर दुबईच्या अल घुबैबा स्थानकातून ई-२०१ ही बस जाते. त्यासाठी नोल कार्ड, म्हणजे दुबईच्या बस-मेट्रोचं आधी पैसे भरायचं कार्ड, लागतं. अबू धाबीहून एक्स-९० आहे. गावात मग टॅक्सी करा, मीटरने चालतात. फक्त डोंगरावर जाताना टॅक्सी थांबवून ठेवण्याचं आधीच ठरवा, वरून परतायला दुसरी मिळत नाही.

सीमेचं भान ठेवा. ओमानचं बुरैमी आणि अल ऐन ही खरं तर एकाच हिरव्या पट्ट्यातली जुळी गावं. आता मधे कुंपण आणि चौक्या आहेत. ओमानचा व्हिसा आणि गाडीचा ओमानचा विमा नसेल तर नकाशा दाखवतो म्हणून तिकडे वळू नका. सीमेजवळ फोनही कधी कधी ओमानचं नेटवर्क पकडतो. रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल वाढतं.

पहिला दिवस, सकाळ: मरूद्यान

सगळ्यांत आधी, अंगात ताकद आणि डोक्यात शांतता असताना, अल ऐन मरूद्यानात शिरा. गावाच्या ऐन मध्यात आहे. प्रवेश फुकट. दरवाजे अनेक आहेत. पश्चिमेच्या दरवाजाने शिरलात तर आत ईको-सेंटर नावाची छोटी, नीट मांडलेली इमारत लागते. तिथे पंधरा मिनिटं थांबा. पाण्याचा सगळा प्रवास तिथे चित्रांनी समजावला आहे, आणि तो समजल्याशिवाय बाग म्हणजे फक्त सावली वाटते.

तो प्रवास असा. पूर्वेला ओमानचे हजर पर्वत. तिथे पडणारा थोडका पाऊस खडीगोट्यांतून जमिनीत मुरतो. पायथ्याशी एक खोल विहीर खणून त्या पाण्याला गाठायचं. ही मूळ विहीर, तिला 'उम्म अल-फलज' म्हणतात, फलजची आई. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा खणायचा, अगदी नाममात्र उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची माती कापून नेतं, कमी झाला तर गाळ साचतो. बोगद्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने उभे झरोके पाडायचे: माती वर काढायला, हवा आत जायला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसायला. पाणी शेवटी जमिनीवर येतं तिथपासून उघडा पाट. ना मोट, ना पंप; पाणी आपल्या वजनाने येतं आणि वाटेत उन्हाने आटत नाही. या सगळ्या रचनेला फलज म्हणतात, अनेकवचन अफलाज. हिलीजवळ सापडलेला फलज लोहयुगातला, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना हे वाचून काहीतरी आठवेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आताच्या शहरात, नहर-ए-अंबरी आणली ती याच जातकुळीची: डोंगराच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी, जमिनीखालचा बोगदा, वर झरोके. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही तसाच. लहानपणी शाळेच्या वाटेवर नहरीचे जुने बंब, म्हणजे नहरीवरची बांधकामं, दिसायचे, पण त्यांच्याखालून काय वाहत होतं ते मला अल ऐनमध्ये कळलं. परत गेल्यावर मी ते पुन्हा शोधत हिंडलो.

आता बागेत चाला. इथे १ लाख ४७ हजार खजुराची झाडं आहेत आणि जाती जवळजवळ शंभर. या बागेला मुख्यतः दोन फलज पाणी पुरवत आले: अल ऐनी आणि अल दाऊदी. वाटा फरसबंद आहेत, दोन्ही बाजूंना मातीच्या कमरेएवढ्या भिंती. भिंतीपलीकडची प्रत्येक बाग कुणाच्या तरी मालकीची आहे. भिंत ओलांडून आत जाऊ नका, घोस तोडू नका.

चालताना तीन थर बघायला शिका. सर्वांत वर खजूर, तो ऊन अंगावर घेतो. त्याच्या सावलीत आंबा, लिंबू, डाळिंब, अंजीर, केळी, बोर. आणि त्यांच्याही खाली जमिनीलगत लसूणघास, जनावरांसाठी. वरच्याने खालच्याला झाकायचं आणि खालच्याने जमिनीची ओल धरून ठेवायची. बाहेरच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकताच अंगाला जो गारवा लागतो तो या तीन थरांचा. वाळवंटात पहिल्यांदा आंब्याचा मोहोर बघून माझी आई तिथेच थबकली होती.

मग पाटाचा माग काढा. ओढ्यासारखं पाणी खळाळत नसतं. पाळी असेल तिथेच दिसतं. एका पाटातून दुसऱ्यात वळवण्याच्या जागा असतात, तिथे दगड, चिंध्या, माती लावून दारं बंद करतात आणि पाळी आली की मोडतात. हे काम आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पाणी वेळेने वाटलं जाई, मापाने नाही: दिवसा काठीची सावली मोजून, रात्री ताऱ्यांवरून. वाटपावर देखरेख करणाऱ्याला अरीफ म्हणत. हिशेब त्याच्या तोंडी असे आणि त्याचा शब्द चाले. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा काठच्या फड पद्धतीत पाटकरी जे करायचा तेच हे. फलजची ही सगळी माहितगारी, बांधणीपासून वाटपापर्यंत, युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही. भूजल खूप खोल गेलं आहे आणि आज या पाटांत येणाऱ्या पाण्याला विंधन विहिरींचा आधार द्यावा लागतो. वरून दिसणारी हिरवाई तीच आहे, पण तिच्या खालचा हिशेब बदलला आहे. पाटाशी बसाल तेव्हा हेही मनात असू द्या.

दोन-अडीच तास इथे सहज जातात. ईको-सेंटरजवळ सायकली भाड्याने मिळतात, मुलांना आवडतं. पण माझा आग्रह चालण्याचा. कोरडे जोडे घाला, टोपी घ्या, पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा. कामगार बहुतेक पाकिस्तान, बांगलादेश आणि भारतातले आहेत, हिंदी छान चालते. नमस्कार करून बोलायला लागलात तर माणसं भरभरून बोलतात. फोटो मात्र विचारूनच.

दुपार: पाण्याचे राखणदार

बागेच्या पश्चिम दरवाजाबाहेर पडलात की अगदी जवळ शेख झायेद महाल संग्रहालय. दोन-तीन तासांपूर्वी पाट बघितला असेल तरच इथे यायला मजा आहे. अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद १९४६ साली या पूर्व भागाचा कारभार बघू लागले आणि १९६६ मध्ये अबू धाबीचे शासक होईपर्यंत इथेच होते. तेलाचा पैसा यायच्या आधीची ती वर्षं. त्या काळात त्यांनी जुने फलज साफ करून घेतले, नवा खोदायला लावला आणि पाण्याच्या हक्कांत लहान शेतकऱ्यालाही वाटा मिळेल असे बदल केले. महाल म्हटलं तरी घर साधंच आहे: मातीच्या भिंती, खजुराच्या खोडांची आढी, एकामागून एक अंगणं, आणि अंगणात उभी एक जुनी लँड रोव्हर. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जरा टेका. एका तासात बघून होतं.

तिथून गाडीने पाच मिनिटांवर अल जाहिली किल्ला. पहिले झायेद म्हणून ओळखले जाणारे शेख झायेद बिन खलिफा यांनी १८९१ मध्ये बांधायला घेतला. चौकोनी कोट आणि त्याला लागून एक गोल बुरूज, थरावर थर चढवलेला, घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखा. आपल्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्याला हा सपाटीवरचा, मातीच्या विटांचा किल्ला ठेंगणा वाटतो. पण तो शत्रूला उंचीवरून हेरायला बांधलेलाच नाही. आजूबाजूच्या बागा आणि त्यांचं पाणी राखायला बांधला आहे.

आत विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशावर कायमचं प्रदर्शन आहे. १९४० च्या दशकात बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांतल्या, सोबत्यांबरोबर उंटांवरून त्याने रब अल-खाली, म्हणजे रिकामा चौथा हिस्सा, हे वाळवंट दोनदा पार केलं. सोबती त्याला मुबारक बिन लंडन म्हणत. त्याने काढलेले काळे-पांढरे फोटो बघा: तेलापूर्वीच्या या मुलखाचे चेहरे. एका ओळीत उभी माणसं, हाडकुळी, डोळ्यांत उन्हाची सवय. मी प्रत्येक वेळी इथेच सर्वांत जास्त रेंगाळतो.

सरकारी जागा बहुधा सोमवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतर उघडतात. निघायच्या आदल्या दिवशी वेळा तपासा. बागेच्या पूर्वेला सुलतान किल्ल्याशेजारी राष्ट्रीय संग्रहालयही आहे. तो किल्ला १९१० चा. अमिरातीतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. उघडं असेल त्या दिवशी हिलीला जाण्याआधी ते बघून घ्या, उत्खननातल्या वस्तू इथे ठेवल्या आहेत.

संध्याकाळ: जबल हफीत

साडेचारच्या सुमाराला डोंगराकडे निघा. हफीत सुमारे १२४० मीटर उंच, सपाट प्रदेशातून एकदम उठलेला उघडाबोडका चुनखडीचा डोंगर. शिखराजवळ नेणारा घाटरस्ता पावणेबारा किलोमीटरचा आहे, आणि इतका गुळगुळीत की मोह होतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर येऊ नका.

मध्ये मध्ये थांबे आहेत. अशा एखाद्या थांब्यावर उतरून खडक निरखून बघा: समुद्री जिवांचे शिंपले दगडात रुतलेले दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा डोंगर समुद्राच्या तळाशी होता. वर पोचल्यावर एका बाजूला गाव, मधला गर्द हिरवा ठिपका म्हणजे तुम्ही सकाळी चाललात ती बाग, आणि पलीकडे क्षितिजापर्यंत वाळू. बागेचा आकार, तिची कड, तिच्याभोवतीचं वाळवंट हे सगळं एका नजरेत इथूनच येतं. म्हणून डोंगर संध्याकाळी, बागेनंतर. वारा गार असतो, अंगात काहीतरी घाला. कुटुंबं सतरंज्या, थर्मास घेऊन येतात. तुम्हीही चहा बरोबर न्या.

परतताना पायथ्याशी ग्रीन मुबज्जरा लागतं. गरम पाण्याचे झरे आहेत, हिरवळ आहे, सुट्टीच्या दिवशी गर्दीही खूप. वज्रेश्वरीच्या कुंडांची सवय असलेल्यांना यात नवल नाही. पाय बुडवून दिवसाचा थकवा घालवायला दहा मिनिटं पुरतात.

दुसरा दिवस: पाच हजार वर्षं मागे

सकाळी हफीतच्याच पूर्व अंगाला, मेझयादकडे, जबल हफीत डेझर्ट पार्क. तिकीट आहे. इथे पायथ्याशी दगडांची घुमटी थडगी आहेत, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची, सुमारे ५००० वर्षांपूर्वीची. काही पुन्हा रचून उभी केली आहेत. डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९५९ नंतर इथे उत्खनन केलं, आणि त्या सगळ्या कालखंडालाच हफीत हे नाव पडलं. सकाळी आठला तिथे जा. सावली नाही. डोंगर, थडगी आणि वारा, दुसरं काही नाही. वाकून आत डोकावलं की एका माणसाला मावेल एवढी पोकळी. गाईड घेतला तर बरं, कारण पाट्यांवर थोडंच लिहिलंय.

तिथून गावाच्या उत्तर टोकाला हिली पुरातत्त्व उद्यान. साध्या बागेसारखं दिसतं, मुलं झोके घेत असतात, आणि मधोमध एक गोल दगडी इमारत: हिलीचं मोठं थडगं, बारा मीटर व्यासाचं, उम्म अन-नार काळातलं, म्हणजे चार हजार वर्षांहून जुनं. घासून गुळगुळीत केलेले मोठाले दगड. प्रवेशाच्या दगडावर कोरलेलं चित्र शोधा: दोन ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांची वाळवंटी हरणं, आणि त्यांच्या मधे हात धरून उभी दोन माणसं. इथे एकेका थडग्यात शेकडो माणसं ठेवली जात. हफीतच्या एकट्या-दुकट्या थडग्यांनंतर हे लगेच बघितलं की फरक जाणवतो. पाणी हाताशी आलं, शेती स्थिरावली, वस्ती वाढली, माणसं एकत्र जगू लागली आणि मेल्यावरही एकत्र राहिली. हिलीत सिंधू संस्कृतीची मातीची भांडीही सापडली आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आज जी माणसं कामासाठी इकडे येतात, त्यांच्याआधी चार हजार वर्षं मालाची गलबतं या समुद्रावरून ये-जा करत होती.

हिलीनंतर कत्तारा मरूद्यानाला तासभर द्या. अल ऐन मरूद्यानापेक्षा लहान आणि कितीतरी शांत. जुनी मातीची घरं अजून बागांच्या कडेला उभी आहेत, आणि एका जुन्या वाड्यात कलाकेंद्र आहे. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी कस्र अल मुवैजीही बघावा. अमिरातीचे दुसरे राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद यांचा जन्म १९४८ मध्ये तिथला. मांडणी आधुनिक आहे, छान आहे, पण आधी जाहिली झाला असेल आणि वेळ कमी असेल तर हा सोडला तरी चालेल.

उंटांचा बाजार बघायचा असेल तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्याने करा, सकाळी लवकर, आणि हफीतची थडगी त्यानंतर घ्या. खरा चालता बाजार आहे: शर्यतीचे, दुधाचे, मांसाचे उंट वेगवेगळ्या कोंडाळ्यांत. काहीजण फिरवून दाखवायला पुढे येतात आणि नंतर पैसे मागतात. त्यात वाईट काही नाही, पण रक्कम आधी ठरवा. हाताला धरून पिल्लांपाशी ओढत नेऊ लागले तर नम्रपणे नको म्हणा. बरोबर लहान मुलं असतील तर बाजाराऐवजी अल ऐन प्राणिसंग्रहालय निवडा. १९६८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून अरबी ओरिक्स वाचवण्याचं काम तिथे चालतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्राणी रानातून पूर्ण नाहीसा झाला होता. थडग्यावर कोरलेला ओरिक्स सकाळी बघून दुपारी जिवंत ओरिक्ससमोर उभं राहणं, हे मुलं विसरत नाहीत.

राहणं, खाणं, वागणं

मुक्काम गावाच्या मध्यात, बागेजवळ करा. डोंगरावरच्या हॉटेलात दृश्य सुंदर पण प्रत्येक वेळी घाट चढ-उतार. हिवाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारी खोल्या लवकर भरतात.

शाकाहाऱ्यांनी चिंता करू नये. गावाच्या मध्यभागात केरळी आणि उत्तर भारतीय खानावळी मुबलक आहेत. डोसा, पोळी-भाजी, थाळी सगळं मिळतं. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातला करक चहा घ्याच, वेलदोडा घालून उकळलेला, आपल्या टपरीच्या चहाचा सख्खा भाऊ. इथलं खास खायचं तर लुगैमात, गुळगुळ्यांसारखे गोळे खजुराच्या पाकात. आणि बलालीत, गोड शेवयांवर ऑम्लेट. शेवटचं ऐकून नाक मुरडू नका, सकाळी गरम खाऊन बघा.

कुठे गहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, दिली तर उजव्या हाताने घ्या. पेला लहान असतो आणि रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झालं की पेला हातात हलकेच हलवून परत द्या. आबा तीन पेले झाल्यावर बावरले होते, चौथ्याला मी त्यांना ही खूण दाखवली.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. बागेत मशिदी आहेत, नमाजाच्या वेळी दारासमोर गर्दी करू नका. स्थानिक स्त्रियांचे फोटो काढायचे नाहीत, लांबूनसुद्धा. सरकारी आणि लष्करी इमारती, सीमाचौक्या यांचेही नाहीत.

परतताना खजूर

खजूर विमानतळावर घेऊ नका. अल ऐनच्या बाजारात घ्या, चाखून. फळाच्या अवस्था चार: किमरी म्हणजे हिरवं तुरट, खलाल म्हणजे पिवळं-लाल आणि कुरकुरीत, रुतब म्हणजे अर्धवट मऊ आणि रसाळ, आणि तमर म्हणजे पूर्ण पिकून सुकलेलं. हिवाळ्यात तमरच मिळेल. घरी नेण्यासाठी खलास सर्वांत चांगली, मधाच्या रंगाची, गोड पण घशाशी न येणारी. फर्द गडद आणि घट्ट, जास्त टिकते. रुतब न्यायचीच असेल तर सामानात गोठवलेली न्या आणि पोचताच फ्रिजमध्ये टाका, दोन दिवसांत आंबते.

आबांनी दोन किलो खलास घेतली आणि बिया फेकू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. परत गेल्यावर त्यातल्या वीस-पंचवीस बिया त्यांनी विहिरीच्या बाजूच्या वाफ्यात टोचल्या. सहा उगवल्या. बियांपासून नर किती आणि मादी किती निघतील ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून त्यांनी सहाही राखली आहेत आणि दर फोनवर त्यांची उंची सांगतात.